शिक्का भाताच्या डब्यात होता

—थुंक, थुंक, इथं बादलीत थुंक! हा हा! अरे, जवाचा गार चहा नव्हता तो, नूडल्स बुडवायचं पाणी होतं, रंग अगदी सारखा! नागोयाहून खेळांची जुनी मशीनं विकत घ्यायला येतोस आणि ग्लासाचा वास घेत नाहीस होय? बस, कुसुनोकी, बस. खरा चहा देतो.

हां, हेच ते विमानाचं. डावीकडून उजवीकडं जायचं, दिसेल त्याला गोळी घालायची. अडतीस वर्षं झाली. बाकीची मशीनं रोज दुकानाबरोबर बंद, हे मात्र कधी नाही. का? अरे, तुझा धंदा ना हा? बंद केलं की आकडे पुसले जातात, पहिला नंबर जातो. आणि पहिला नंबर आमच्या नोरिआकीचा, माझ्या पोराचा. चोवीस लाख एकाहत्तर हजार! तेव्हा मासिकात अख्ख्या देशाचे आकडे छापून यायचे. कागदावर आकडा लिहायचा, खाली दुकानाचा शिक्का, आणि टपालात टाकायचं. शिक्का नाही तर खेळलास ते फुकट.

तर त्या दिवशी शेवटची तारीख, आणि मी शिक्का लपवला. कुठं? भाताच्या डब्यात! गंमत रे, गंमत. पोरगं दिवसभर शोधतंय, घाम पुसतंय, मी गल्ल्यावर बसून पोट धरून हसतोय. काढून दिला तेव्हा टपाल बंद झालेलं. पुढच्या महिन्यात मासिक आलं, सेन्दाईच्या कुणाचं तरी नाव वर, आकडा याच्यापेक्षा कमी. मी काय केलं? मी आधी हसलो. पहिलं ते केलं.

मग घरच्या टीव्हीवर लावायची कॅसेट निघाली या खेळाची. रांगेत उभा राहून आणली. त्यानं खोकं उघडलं नाही. म्हणाला, "बाबा, घरी खेळलेल्याला शिक्का कोण मारणार?" आणि कावासाकीला गेला, कारखान्यात. आता नवीन वर्षाला एक फोन करतो. "अजून आहे?" "आहे." बस. ठेवतो. तेवढंच बोलणं आमचं—

अरे, ती पट्टी खरवडू नकोस! काचेवरची, कागदाची! राहू दे म्हटलं ना... काढलीस. बघितलंस आता. हो, मशीन बनवणाऱ्यांनी आधीच घालून दिलेलं नाव आहे खाली. त्या मोठ्या भूकंपात इथं वीज गेली, एक दिवसभर. परत आली तेव्हा नोरिआकीचं नाव नव्हतं तिथं. मग मीच त्याचं नाव नि आकडा लिहून चिकटवलं. अक्षर वाईट आहे, माहितीय, शाळेत कोण गेलंय.

नुसतं चिकटवून बसलो नाही हां. खेळून परत आणणार होतो मी आकडा. सराव करायला या खेळाचे घरच्या टीव्हीवर चालणारे सगळे प्रकार घेतले — कॅसेटवाला, त्यात रंग उडालेले, शत्रू जास्त झाले की विमान लुकलुकायचं. मग तबकडीवाला, गाणी झकास. आता इंटरनेटच्या तारेतनं उतरवतात तो, अगदी हुबेहूब, आणि मरशील तितक्यांदा जिवंत. घरी मी तो तिसऱ्या टप्प्यातला खेकडा मारतो! इथं नाही. इथं तीनच जीव, आणि हे हात बघ. कपसुद्धा सांडतो. तेरा वर्षं रोज सकाळी. सर्वांत जास्त किती? दोन लाख.

पुढच्या महिन्यात ही इमारत पाडणार. तुझी तरी काय चूक.

तुझे हात तरणे आहेत. एक डाव खेळतोस का? चोवीस लाख नाही, नुसतं त्याचं नाव वर आलं तरी... नाही. टेम्पोवाला थांबलाय. खरंय.

अरे, खोटं बोलायला काही नाही, फोनवर "आहे" म्हणेन. सतराशे साठ वेळा म्हणेन. पण मशीन गेलं हे त्याच्या कानावर जाणारच, या गावात काही लपतं होय? मग विचारायला काय उरलं त्याच्याकडं? नवीन वर्षाला फोन करून विचारायचं काय त्यानं — माझी तब्येत?

वायर मागे आहे. वाक, आणि ओढ. मी नाही ओढत.

...

एवढा आवाज करत होतं होय ते? कळलंच नाही.

चहा राहिला तुझा. हा खराच आहे, पी. नको? बरं, जा मग. दार लावून घे.