अर्ध्या खाचेचे आठ मैल

पुरवणी जबाब. दिनांक १४ डिसेंबर १९५४, दुपारी चार वाजता.

नाव मीराबाई, वय ३२ वर्षे, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार नालवाडी, वर्धा. नवऱ्याचे नाव मी तोंडाने घेत नाही. ते मोटारीच्या लायसनवरून उतरवून घेतले, ते असे: तानबा गोविंदा कुबडे, वय ३९, धंदा भाड्याची मोटार चालवणे.

मी कोणी न बोलावता ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, परवा याच टेबलासमोर मी जबाब दिला. माझा नवरा केळझरच्या आनंदाबाईच्या घरी जातो व तिथे दारू पितो, असे त्यात लिहून दिले. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे हे मला माहीत होते. माहीत होते म्हणूनच आले होते.

संशय कशावरून आला असे विचारल्यावरून सांगते. आमच्या मोटारीचा पेट्रोलचा काटा आणि मैलाचा काटा, दोन्ही घेतली तेव्हापासून बंद. टाकीत बांबूची कमची बुडवून पेट्रोल मोजतो. कमचीवर चाकूने खाचा केल्या आहेत, एक खाच म्हणजे एक गॅलन. सकाळी मोटार निघताना आणि परत आल्यावर कमची मीच बुडवते. नवऱ्याने हे काम मला लग्नाच्या पहिल्या वर्षी दिले, दुसऱ्या कोणाला कमचीला हात लावू देत नाही. वर्धा ते केळझर सोळा मैल. जाऊन येऊन दोन खाचा. आठ वर्षांत कधी फरक पडला नाही.

दसऱ्यापासून अडीच खाचा जाऊ लागल्या. अर्धी खाच म्हणजे आठ मैल. मी नवऱ्याला विचारले, तर म्हणाले, "कुठं जाईन? केळझर अन् घर." शिवाय रोज यायला अर्धा-पाऊण तास उशीर. शर्टाला, हाताला दारूसारखा वास. केळझरला मोटारी थांबतात तिथे आनंदाबाईचे चहाचे दुकान आहे. ती विधवा असून वयाने माझ्याएवढी, दिसायला बरी आहे. बरी म्हणजे चांगलीच आहे, तसे लिहा. तिचे घर दुकानापासून चार मैल पुढच्या खेड्यात आहे, असे शेजारच्या सुमतीबाईने सांगितले. चार जायला, चार यायला. हिशेब तंतोतंत बसला आणि माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

आज सकाळी नऊ वाजता कमची बुडवली तेव्हा टाकीत सहा खाचा होत्या. हवालदार साध्या कपड्यात, गणपतीच्या दर्शनाला जातो म्हणून मोटारीत बसले. केळझरला आनंदाबाईच्या दुकानात साखरेच्या पोत्यामागे स्पिरिटचा टिन सापडला. नवऱ्याला पकडले, आनंदाबाईलाही आणले. मोटार पोलिसांच्या ड्रायव्हरने चालवत आणली.

ठाण्याच्या आवारात मोटार उभी दिसली, म्हणून मी सवयीने कमची बुडवली. साडेतीन खाचा. पदराने पुसून पुन्हा बुडवली. साडेतीनच. मी हवालदारांना विचारले, वाटेत कुठे वळलात काय. ते म्हणाले, "नाई बाई. जातानी मीच बसून होतो, येतानी आमचा माणूस. मोटार कुठंच वळली नाई." म्हणजे सरळ जाऊन सरळ येऊनही अडीच खाचा.

त्यानंतर कोठडीपाशी नवऱ्याशी बोलू दिले. ते म्हणाले, "साखर कारखान्याचं स्पिरिट हाय. उत्तरेकडचा ट्रकवाला आणून देते. पेट्रोल भरतो त्या दिवशी केळझरले टाकीत वततो, दोन भाग पेट्रोल, एक भाग स्पिरिट. चढावर इंजिन ठोकत होतं, ते बंद झालं. पण स्पिरिटात जोर कमी, म्हणून जास्त लागते. कार्बुरेटरचं भोकही मोठं करा लागलं. अन् टाकीतला जुना मळ सुटून नळीत अडकते. ते काढत रस्त्यात बसतो, म्हणून उशीर."

मी म्हटले, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले? अर्धी खाच जास्त गेली तं तू दोन-दोन दिवस बोलत नाई. म्हटलं, एकडाव सारं बराबर जमलं का सांगू."

आनंदाबाईला हे ठाऊक होते काय, असे मी विचारले. ते म्हणाले, टिन तिच्याकडे ठेवायचा तर सांगावेच लागले. इंजिन, भोक, मळ, सारे. त्या आठ मैलांनी जळला नव्हता इतका माझा जीव तेव्हा जळला. मोटारीतले जे मला सांगायचे, ते दोन महिने त्या बाईने चहा गाळता गाळता ऐकले.

नवऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, तोंडाचे मला माहीत नाही. दसऱ्यापासून मी भिंतीकडे तोंड करून निजते. ते पितात हे मी रागाच्या भरात लिहून दिले. ते खोटे आहे.

ठाणेदार साहेबांनी समजावले की, पिण्याचा आरोप त्यामुळे टिकणार नाही, पण परवान्याशिवाय टिन ठेवणे हा वेगळा गुन्हा आहे. माणूस प्याला की मोटार प्याली हे कायदा पाहत नाही. टिन ज्याचा त्याला कैद. आणि असे सांगितले की, टिन माझा, मोटारवाल्याचा काही संबंध नाही, असा जबाब आनंदाबाईने तासाभरापूर्वीच देऊन अंगठा केला आहे.

मी विचारले, तिने असे का केले. साहेब म्हणाले, "तुमच्या मालकाची दया आली असंल तिले."

सबब मी सांगते की, तो टिन आनंदाबाईचा नाही. माझा आहे. मीच मागवला, मीच तिथे ठेवायला लावला. कोणाकडून मागवला ते सांगता येत नाही. आनंदाबाई खोटे बोलत आहे. "बाई, आत जाल" असे साहेबांनी दोनदा बजावले, ते मला समजले. माझ्या नवऱ्यापायी कोणी तुरुंगात जायचे असेल तर मी आहे, ती कोण लागून गेली?

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. आनंदाबाई सध्या कोठडीसमोरच्या बाकावर बसली आहे, तिला आधी तिथून उठवावे, एवढे जास्तीचे माझ्या सांगण्यावरून लिहिले.

सही, मीराबाई