मधलं बोलणं

मी : थांब विरेश. जरा मागं घे. पहिलं भजन संपतंय तिथून लाव.

विरेश : तिथूनच लावलंय काका. हे संपलं, हे दुसरं सुरू.

मी : मधी इरम्मा बोलती.

विरेश : मधी कोणच न्हाय.

मी : माझी बायको हाय, मला ठावं न्हाय व्हय? आवाज वाढव.

विरेश : पूर्ण वाढवलाय.

मी : कॅसेटवर खरखर लई होती, पण ती होती. नुसती खरखर काढ म्हणलो होतो तुला.

विरेश : तेवढीच काढली. आधी मशीनला नुसती खरखर ऐकवायची, मग ती तेवढी वजा करती. तेबी बेतानं. लई ओढलं तर माणूस डब्यातनं बोलल्यागत वाटतं. त्यात काकू गेल्या न्हाईत.

मी : मग कशात गेली?

विरेश : रेवणप्पा आण्णा, तुम्हीच सांगा आता.

आण्णा : काय सांगायचं? जत्रेला देवळाच्या कर्ण्यावर लावायचंय. म्या म्हणलं, माझं गाणं थांबलं की आवाज बंद पडंल असं कर.

विरेश : तशी सेटिंग असती काका. ठरवून दिलेल्या आवाजाच्या खालचं समदं गप्प होतं. काकू लांब बसलेल्या, आवाज बारीक.

मी : आण्णा, कॅसेट तुमच्या हातात देताना म्या काय म्हणलो?

आण्णा : जपून न्या म्हणलास.

मी : का म्हणलो?

आण्णा : तिचा आवाज हाय म्हणून.

मी : दुसरीकडं कुठंच न्हाय, असं म्हणलो. श्रावणात गेली ती. एक फोटू आन् ही कॅसेट.

आण्णा : ती काय बोलली ते बी सांग की ह्याला.

मी : नीर कुडीरी म्हणली. पाणी प्या.

आण्णा : त्याच्या आधी?

मी : मला म्हणली, आण्णांचा सूर सुटलाय, तुम्ही त्यांच्या मागं गात जाऊ नका.

आण्णा : बघ, हसलंच हे पोरगं! तवा देऊळभर असंच हसले. आता कर्ण्यावरनं समद्या जळकोट गावाला परत हसवायचं?

मी : तवा तुम्हीबी हसला. तिच्याच हातचं पाणी प्यालात.

आण्णा : हसलो. काय करणार मग?

मी : जत्रेपुरतं काढायचं. मला एक तसंच ठेवायचं. विरेश, पहिलं उतरवलेलं असंल की तुझ्याकडं?

विरेश : त्याच्यावरच सेव्ह झालं काका. चुकलं माझं. पण कॅसेट आणा, परत उतरवतो. बाकी कशालाच हात लावत न्हाय.

मी : आण्णा, कॅसेट द्या.

आण्णा : गाणं मोबाईलमधी आलं म्हणल्यावर कॅसेट कशाला लागती?

मी : कुठंय?

आण्णा : पाखरं लई झालती. तुझ्याच ज्वारीवर ताणली.

मी : ती फीत?

आण्णा : तूच म्हणलास की, बरं केलं आण्णा, पाखरं बसंनात.

मी : म्हणलो. रोज बांधावर बसतोय तिच्याखाली. वाऱ्यात वाजती, ते ऐकत.

विरेश : काका, तुटली असली तरी जोडता येती. उन्हात तिच्यावर आवाज किती राहिलाय, ते लावल्याबिगर कळायचं न्हाय. नुसती ओढू नका.

आण्णा : चल, म्या येतो. दोघं मिळून काढू.

मी : तुम्ही हात लावू नका.

आण्णा : अरं, थोरला भाऊ हाय मी तुझा.

मी : व्हय. म्हणूनच दिली होती.

(चार दिवसांनी, फोनवर.)

विरेश : काका, जमली का फीत?

मी : दोन्ही बांधांकडची जमली. पेन्सिलीवर गुंडाळून ठेवलीय.

विरेश : आणि मधली?

मी : मधली कणसांत अडकलीय. ती काढायची राहिलीय.