गोलात वेदांत होता तेव्हा

— टाळ्या कसल्या वाजवताय, बबीताताई? मॅच कुठे सुरू झालीय अजून, नुसती घसरताहेत पोरं मॉलमधल्या या बर्फावर! बसा. तुमचा शिवराज आज पहिल्यांदा गोलात — कळलं मला, अख्ख्या कॉलेजला कळलंय. छान. पण फार हुरळून जाऊ नका. कॉलेजची ही आइस हॉकीची टीम काय मी आज बघत नाहीये. कॅनडाच्या एका प्रोफेसरनं काढली ही — तेव्हा काय थाट! गोरी पोरं, गोऱ्या आया, थर्मासमधून कॉफी, कप जिंकला की सगळ्या मॉलभर आरडाओरडा. आणि मी आले तर कोणी सरकून बसेल? नाव नको. मग प्रोफेसर गेले मायदेशी, ती पोरंही पांगली — राहिलं काय? घामट वास मारणारी हेल्मेटं! टीम खलास, म्हणाले सगळे. तेव्हा गोलात कोण उभं राहिलं? माझा वेदांत. धड तोल सांभाळता येत नव्हता, तरी राहिला. डझनडझन गोल खायचा हो! ती रबराची चकती सणसणत यायची, मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या त्याच्या, मी आपली रात्री हळद लावतेय.

आणि आता बघा — फिनलंडचा कोच, नव्या जर्सी, खुर्च्या भरलेल्या, तसल्याच गोऱ्या आया परत हजर. लाज नाही. पडत्या काळात ज्यानं टीम धरून ठेवली तो आता चालेना यांना! “कोचनं काढलं, आई,” एवढंच म्हणाला वेदांत, तेसुद्धा इंग्रजीत. मी मात्र येते हं अजून, दर शुक्रवारी, टॅक्सी करून. त्याला सांगते, मैत्रिणीकडे चाललेय. कसली मैत्रीण! यांची कशी जिरते ते बघायला येते — जिरत नाही मेल्यांची, जिंकतातच आहेत. आणि इथे आखातात घरी बसून तरी काय करू? ह्यांची तिकडे मेसईदच्या रिफायनरीत ड्यूटी, सुट्टीचा शुक्रवारसुद्धा सुटत नाही. अबू हमूरला आमच्या त्या कंपाउंडमधल्या घरात भिंतींशी बोलू? पूर्वी वेदांत गाडीतून आणायचा मला. येता-जाता बोलायचा हो, चांगला मराठीत बोलायचा, हसायचा. घरात शिरला की परत तोंडाला कुलूप. बरं वाटायचं मला गाडीत. फार बरं वाटायचं. ते हिरावलं या कोचनं — म्हणून सांगते, तुमच्या शिवराजलाही काढतील, आज ना उद्या. माणसाची किंमत नाही यांना.

काय?

नाही हो, कोणीतरी काहीतरी सांगितलंय तुम्हाला. कोचनंच काढलं त्याला... वेदांतनं स्वतः सोडलं? कोच थांब म्हणत होता, तरी? आणि शिवराजचं नाव — तेही वेदांतनंच सुचवलं? पण मग मला कशाला खोटं... शिवराजला असं म्हणाला तो? की त्या चकतीची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची? खेळ कधी आवडलाच नाही? काहीतरीच. आवडत नव्हता तर इतकी वर्षं उभा कशाला राहिला मार खात —

आईचा शुक्रवार चांगला जावा म्हणून?

असं म्हणाला?

...सुरू झाली बघा मॅच. तुमचा मुलगा गोलात आहे ना? मग तिकडे बघा. माझ्याकडे नका बघू.