चुन्यातला पंजा

मंडळी, एक सांगा — घर पुरतं बांधून झालं, की देव आत शिरतो कुठून? दारातून? दारात तर तुमच्या चपला!

तर ऐका. राजा वीरधवलानं महाल बांधला. सात चौक! शंभर शिसवी खांब! कारंजी अशी संथ, की थेंबानं खाली यायचं विसरून जावं... मृदंग जरा हळू, बुवा. झोपेत चालल्यासारखं जायचंय आत. आणि दरबाराच्या भिंती? साध्या चुन्याच्या — पण आरसा!

त्या घोटल्या म्हाताऱ्या गवराक्कानं. ओला चुना, हातात गारगोटी. घासायचं, घासायचं, तोंड दिसेपर्यंत. चुना वाळला की मग ब्रह्मदेव आला तरी चकाकी नाही!

शेवटच्या दुपारी राजा आला. समोर राजा, छतात राजा, राजामागं राजा... म्हातारीला वाटलं, आपण डोहाच्या तळाशी आहोत, आणि वर मुकुट तरंगतायत. तेवढ्यात —

"हे काय?"

कोपऱ्यात, जमिनीलगत, वीतभर चुना. ओला. खरबरीत.

"रीत हाय, म्हाराज. दर घरात एवढं देवासाठी सोडायचं. माझ्या आईनं सोडलं, तिच्या आईनं सोडलं."

"घोट! माझी भिंत जो बिघडवील, त्याचा हात तोडीन!"

हात! साठ वर्षं भिंती घोटलेला हात! तिनं तो पदराखाली घेतला. घोटावं, तर आईची रीत बुडाली. न घोटावं, तर... आणि चुना वाळत होता, मंडळी.

तिनं गारगोटी पुढं केली. "देवाच्या जागेला माझा हात न्हाई लागायचा. तुमीच घोटा."

"त्यात काय एवढं!" राजा उकिडवा बसला. आता राजाला उकिडवं बसायची सवय कुठली? — तुम्हाला तरी राहिलीय का? — गेला तोल! टेकला पंजा, थेट ओल्या चुन्यात!

पाची बोटं उमटली.

राजानं वर पाहिलं. भिंतीभिंतीतून शेकडो राजे त्याच्यावर डोळे वटारून. त्या वीतभर जागेत मात्र राजा नव्हताच. नुसता हात. कुणाचाही असावा असा.

गवराक्का हळूच म्हणाली, "म्हाराज... कुणाचा तोडायचा?"

राजा हसला. कितीतरी वर्षांनी! मग पंजा पुन्हा ठशात ठेवला. चुना गार होता. बसून राहिला तसाच — कारंजी ऐकत, चुना वाळेपर्यंत.

हसता काय, मंडळी? तुमची लादी चकचकीत, दारावरची पाटी चकचकीत, बोलणंसुद्धा चकचकीत! वीतभर खरबरीत ठेवलंय कुठं? नसेल, तर आता नाम घ्या — आणि जाऊ द्या एकदा तोल!