मास्तरांचा डावा पाय

मिस्त्री : ही बघा मास्तर तुमच्या गाडीची क्लचप्लेट, जळून पार कोळसा झालीय. आणि हे तिच्यामागचं फ्लायव्हील, तापून निळं पडलंय. दोन्ही बदलावी लागणार.

मास्तर : मग या वेळी रेसवाल्यांचं क्लचचं सामान टाक. ते वर मांडलंयस ना, ते. कुणी कसाही पाय देवो, जळता कामा नये.

मिस्त्री : कुणी म्हणजे? गाडी चालवतं कोण?

मास्तर : घरचेच.

सून : मी चालवते.

मिस्त्री : तरीच. राग मानू नका वहिनी, पण मागची प्लेटही अश्शीच जळली होती. मास्तर तेव्हा म्हणाले होते, आमच्या सुनेचा पाय जड आहे.

सून : हो. घरीही म्हणाले होते.

मास्तर : ते जाऊ दे आता. रेसवाल्याचं बोल.

मिस्त्री : त्याचं पेडल दगडासारखं. पकडतंही एकदम, गाडी हिसका मारते. वर त्याच्यासोबत फ्लायव्हील येतं हलकं. फ्लायव्हील जड असलं की इंजिनाला दम राहतो. हलकं असलं की गाडी झटकन पळेल, पण सिग्नलला जरा चुकलं की बंद. गर्दीत वहिनी रडकुंडीला येतील. रोगापेक्षा औषध भयंकर.

सून : मग कंपनीचं साधंच टाका.

मिस्त्री : टाकतो, पण सवय मोडावी लागेल. गिअर पडला की पाय खाली, बाजूला. तुम्ही तो पेडलवर टेकवून ठेवता. नुसतं वजन राहिलं तरी प्लेट घासत राहते. हे पेडलचं रबर बघा, कसं गुळगुळीत झालंय.

सून : लक्षात ठेवीन.

मिस्त्री : मास्तरांच्या घरात राहून असं? मी यांच्याकडेच गाडी शिकलो. शिकवायच्या गाडीत यांच्या बाजूलाही क्लच होता. आमचं चुकायच्या आत यांचा पाय तिथे हजर. गप्पा मारताना, चहाच्या टपरीकडे बघताना, डावा पाय कायम पेडलवर. सगळा जन्म तसाच गेला यांचा, म्हणून तर आम्ही धडधाकट आहोत. काय मास्तर? मास्तर, बसता का जरा? स्टूल देऊ?

मास्तर : गाडी ही चालवत नाही.

सून : बाबा, राहू द्या ना.

मास्तर : राहू द्या काय? मागची प्लेट जळली तेव्हा हिला मी पाहुण्यांसमोर नाही नाही ते बोललो. त्या दिवसापासून हिने किल्लीला हात लावलेला नाही. बसने जाते कामाला. ही प्लेट एकट्या माझ्या पायाखाली जळलीय.

मिस्त्री : पण वहिनी आत्ता म्हणाल्या...

मास्तर : माझी लाज राखायला म्हणाली. आणि मी राखू दिली. तू तिला शिकवत होतास, मी शेजारी उभा राहून ऐकत होतो.

मिस्त्री : असू द्या मास्तर. सवयीचा पाय, तुम्हाला तरी कसं कळणार?

मास्तर : चढावर वास आला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर रेसवालं मागत होतो. माझ्या पायाखाली टिकलं असतं, म्हणजे कुणाला काही सांगायला नको. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

सून : मिस्त्री, तुम्ही साधं बसवा. जड फ्लायव्हीलचं. आणि झालं की किल्ली माझ्याकडे द्या.

(संध्याकाळी, गाडीत. सून चालवते आहे.)

सून : पट्टा लावलात?

मास्तर : लावला. विसरली नाहीस काही.

सून : शिकवलं कोणी?

मास्तर : रविवारी त्याच पाहुण्यांना बोलावतो. त्यांच्यासमोरच सांगतो, प्लेट कोणी जाळली ते.

सून : काही गरज नाही बाबा.

मास्तर : तुला नसेल. मला आहे.

सून : बरं. बाबा, तुमचा पाय.

मास्तर : काय झालं?

सून : तिकडे पेडल नाहीये.

मास्तर : माहीत आहे. तू चालव, मी मागे घेतो.