आईची कोर्टातली साक्ष

अगं, सातपाटीत मासे विकणारी आमची आई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही भर कोर्टात, माझ्यासमोर!

मी न्यायाधीशाची परीक्षा पास झाले आणि पहिली नेमणूक लागली ती थेट लातूरला. आई भडकलीच. “आमचे पंच सगल्यांना वळखतात, म्हणून गाव त्यांना पंच करतो. तुला तिकडं कोन वळखतंय?”

“म्हणूनच लांब पाठवतात, आई. न्यायाधीशाची तिथे कुणाशी ओळख नको.”

सहा महिन्यांनी ती न कळवता आली. सुक्या बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन कोर्टात मागच्या बाकावर बसली. वास सुटला, तसा शिपाई धावला. “मावशी, कुणाकडे आलात?”

मी खुर्चीवरून बघतच राहिले. तिने मात्र माझ्याकडे मान वळवली नाही.

“कोनाकडं नाय,” ती म्हणाली. “मी इथं कोनालाच वळखत नाय.”