खूण

जव्हारच्या दवाखान्यात रंजना आपल्या गाठीचा रिपोर्ट घेऊन बाकावर बसली होती. शेजारी दाभोशाचा सुकऱ्या आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करणारी त्याची लेक रविना. सुकऱ्याच्या बायकोला, धोंडीबाईला, डॉक्टरांनी आत एकटीलाच बोलावलं होतं.

"पोरी, तू बनवतीस त्यानं आयची गाठ जाईल ना?"

"बाबा, ते अजून औषध झालं नाही. कॅन्सरच्या काही गाठींवर एक खूण असते. तिला पकडणारं प्रथिन आम्ही घडवतो. ते कुठं आणि कसं पकडतं, एवढंच मी बघते."

"पन पकडतं ना?"

"प्रयोगशाळेत पकडतं."

"मंग दे की तिला."

"माणसाला द्यायला अजून वर्षं लागतील."

"तवर ती काय करल?"

"त्याच खुणेवरचं जुनं औषध आहे. पण आईच्या गाठीवर ती खूण असली तरच चालतं."

"आन नसली तर?"

तेवढ्यात धोंडीबाई पदर सावरत बाहेर आली.

"खूण हाय म्हनं. आता हसू का रडू, तूच सांग."

"तसली गाठ लवकर वाढते, आई. पण तिच्यावर औषध आहे. आजच मुंबईला निघू."

"आज? शेळ्या कोन बघल?"

"मी हाय ना," सुकऱ्या म्हणाला.

आतून रंजनाचं नाव पुकारलं. ती हातातल्या रिपोर्टात तीच खूण शोधत होती; दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा उठली.